रोज ठरवूनही आनंद सकाळी दहापर्यंतच का टिकतो? एका समुपदेशिकेचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: वय ४४. नोकरी करते. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि सासूबाई. पावणेपाचला उठते, डबे करते, ७:४२ ची लोकल पकडते, ऑफिसला गेल्यावर काहीतरी खाते. दाखवण्यासारखं मोठं दुःख नाही. शनिवारी मैत्रिणी भेटल्या की पोट दुखेपर्यंत हसतेसुद्धा. 'आनंद ही निवड असते' असं हल्ली सगळीकडे ऐकते, म्हणून रोज सकाळी ठरवते की आज आनंदातच राहायचं, चिडायचंच नाही. फार तर दहापर्यंत टिकतं. मग स्वतःचाच राग येतो. लोकांना जमतं ते मला का जमत नाही? माझ्यातच काही खोट आहे का? आणि आनंद खरंच निवडता येतो का?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. तुम्ही ज्या अर्थानं निवडायला बघताय, त्या अर्थानं आनंद निवडता येत नाही. कपाट उघडून साडी काढावी तशी भावना काढून अंगाला गुंडाळता येत नाही, कुणालाच. मी एकवीस वर्षं हेच काम करते आणि मलाही ते जमलेलं नाही. तेव्हा तुमच्यातल्या खोटीचा विषय इथेच मिटला. ज्याची निवड खरोखर आपल्या हातात असते ते दिसायला फार किरकोळ असतं. सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या सुविचारांत त्याला जागा मिळत नाही. त्याबद्दल लिहिणारच आहे, पण आधी एक कंटाळवाणं काम.

रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर, जमलं तर ड जीवनसत्त्वही. चाळिशी ओलांडली की पाळीचं गणित बदलू लागतं, झोप तुटक होते, आणि चिडचिडीचं खापर मात्र स्वभावावर फुटतं. 'मी फार निगेटिव्ह झालेय' म्हणत माझ्याकडे आलेल्या काही जणींचं निम्मं दुखणं थायरॉइडच्या नाहीतर लोहाच्या गोळीनं उतरलं. त्याचं श्रेय मी कधी घेतलेलं नाही. दुसरं असं की नैराश्य हा आजार आहे आणि दृष्टिकोन बदलून तो बरा होत नाही. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास असेल, किंवा एरवी ज्यात रमायचात त्यातही रस वाटत नसेल, आणि जोडीला झोप, भूक, अंगातलं त्राण, लक्ष लागणं यांतलंही बरंच बिघडलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यासाठी डॉक्टर नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, पाच मिनिटांत होते. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्याही मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर पुढचं वाचत बसू नका. १४४१६ ला फोन लावा. ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

तुमच्याबाबतीत मला तसं वाटत नाही. मैत्रिणींत हसणं शाबूत आहे, हे चांगलं लक्षण. तरी रिपोर्ट करून घ्याच.

आता तुमच्या पत्राकडे येते. त्यातलं एक अक्षर मी पेन्सिलनं गोल केलंय: च. आनंदातच राहायचं, चिडायचंच नाही.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिला आपण मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतो. महाराष्ट्रात ती रुजवली डॉ. कि. मो. फडके यांनी. आमच्या पिढीतले बरेच समुपदेशक त्याच वाटेनं आलेले. तिचा गाभा असा की घटना आणि भावना यांच्या मधे एक विचार उभा असतो, आणि जास्तीचा त्रास होतो तो त्या विचारातल्या हट्टानं. असा हट्ट ओळखायला इंग्रजीत चार-पाच शब्द ऐकावे लागतात, मराठीत एका अक्षरात कळतो. 'गाडी वेळेवर यावी' ही इच्छा झाली. 'गाडी वेळेवर यायलाच हवी' हा हट्ट झाला. गाडीला दोन्ही सारखंच, ती यायची तेव्हाच येणार. फलाटावर उभ्या असलेल्या दोघींची डोकी मात्र सारखी दुखणार नाहीत.

हा च आनंदाला लावला की त्रास दुप्पट होतो. आधी तुम्ही चिडता. मग 'चिडायचं नाही असं ठरवलं होतं तरी चिडले' म्हणून स्वतःवर चिडता. पहिली चिडचिड दहा मिनिटांत विरली असती, दुसरी संध्याकाळपर्यंत पुरते. हा नुसता माझा तर्क नाही. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही बायकांना आधी आनंदाचं महत्त्व पटवणारा मजकूर वाचायला दिला आणि मग एक सुखद फिल्म दाखवली. तो मजकूर वाचलेल्या बायकांना फिल्म बघून इतरांपेक्षा कमी बरं वाटलं. 'आता मला आनंद व्हायला हवा, होतोय का?' असं मोजत बसल्यावर दुसरं काय होणार? लग्नात फोटोग्राफर 'नॅचरल हसा' म्हणतो तेव्हा जे चेहऱ्याचं होतं, तेच मनाचं.

आरशासमोर 'मी आनंदी आहे, मी छान आहे' म्हणायचा उपाय तुम्ही केला असेल, बहुतेक जणी करून बघतात. २००९ मध्ये कॅनडातल्या जोअ‍ॅन वुड यांच्या चमूनं तोही तपासला. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीपासून बरं होतं त्यांना अशा वाक्यांनी किंचित फायदा झाला. ज्यांना खरी गरज होती, म्हणजे ज्यांना स्वतःबद्दल फारसं बरं वाटत नव्हतं, त्यांना ती वाक्यं म्हणून उलट आणखी वाईट वाटलं. मन काही दुधखुळं नसतं. आपण एक वाक्य म्हणतो, ते आतून उलटतपासणी सुरू करतं.

मग निवडायचं काय? दोन गोष्टी. लक्ष कुठे टेकवायचं, आणि पुढची दहा मिनिटं हातापायांनी काय करायचं. एवढंच. भावना मागाहून येते, कधी येतही नाही, पण बोलावून तर मुळीच येत नाही.

हे कागदावर पोकळ वाटतं, म्हणून माझ्याकडच्या एका बाईंचं सांगते. ओळख लागू नये इतपत तपशील बदलले आहेत. शिक्षिका, पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, तक्रार तुमच्यासारखीच. मी त्यांना एक वही घालायला सांगितली. त्यात तीन रकाने: काय केलं, करण्याआधी वाटलेला अंदाज, केल्यानंतरचे गुण. दहापैकी किती बरं वाटेल आणि दहापैकी किती वाटलं. शिक्षिका असल्यामुळे गुण द्यायला हात सरावलेला, त्यामुळे वही अगदी प्रामाणिक निघाली.

रविवार दुपारच्या ओळी माझ्या अजून लक्षात आहेत. 'पलंगावर पडून मोबाइल, सव्वा तास. अंदाज ७. गुण ३.' त्याखाली: 'मटार सोलणे, सासूबाईंबरोबर. अंदाज २. गुण ७.'

त्या स्वतःच वैतागल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, हे चुकून झालं असेल." मी म्हटलं, पुढच्या रविवारी पुन्हा करून बघा. या वेळीही सहा आले. मग आम्ही जवळजवळ पूर्ण तास त्या मटारावर घालवला. (कुणाला हा फीचा अपव्यय वाटेल. मला नाही वाटत.) नेमकं काय झालं? जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, मधे स्टीलचं पातेलं. सुरुवातीचे दाणे पातेल्यात टणटण वाजतात, तळ झाकला की आवाज बसतो. तो आवाज बदलल्याचं त्यांना कितीतरी वर्षांनी ऐकू आलं होतं. सासूबाई नऊ दाण्यांची शेंग निघाली की वर धरून दाखवायच्या. धाकटी लेक येता-जाता मूठभर उचलून पळायची, दोघी मिळून तिला ओरडायच्या. आणि एक मुद्दा त्यांनी शेवटी सांगितला, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: बोटं हिरवी-चिकट झालेली असल्यामुळे पाऊण तास मोबाइलला हात लावता आला नव्हता.

या उदाहरणावरून मटार सोला असा सल्ला काढू नका. एकीला सोलणं आवडेल, दुसरीला त्याच मटारानं कंबर धरेल. सांगायचं ते असं, की कशानं बरं वाटेल याचा आपला अंदाज बऱ्याचदा साफ चुकतो. दमलेलं मन 'पडून राहूया' म्हणतं आणि पडून राहिल्यावर आणखी जड होतं. पीटर ल्युइनसोन या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात नैराश्याबद्दल हेच चक्र दाखवलं: माणूस हालचाल कमी करतो, म्हणून सुखाचे प्रसंग कमी वाट्याला येतात, म्हणून मन आणखी खचतं, म्हणून हालचाल आणखी कमी. त्यावर उभी राहिलेली उपचारपद्धती आजही वापरात आहे आणि तिचा क्रम आपल्या सवयीच्या उलटा आहे. आपण म्हणतो, मन लागलं की करीन. ती म्हणते, आधी कर, मन मागून लागेल. लागलं नाही तरी काम झालेलं असतं, हा वरचा फायदा.

आता तुमच्या दहा वाजण्याबद्दल.

तुम्ही लिहिलंय, 'फार तर दहापर्यंत टिकतं.' मी हे वाक्य वाचलं आणि बोटांवर मोजलं. पावणेपाच ते दहा म्हणजे सव्वापाच तास. त्यात तीन डबे, सासूबाईंचा नाश्ता, मुलाला उठवणं (दहावीतल्या मुलाला उठवणं हे स्वतंत्र खातं आहे), रिक्षा, जिना, लेडीज डब्यातली चौथी सीट मिळाली तर नशीब. आणि या सगळ्यात पोटात काय? 'ऑफिसला गेल्यावर काहीतरी खाते.' म्हणजे घरातल्या सगळ्यांना वेळेवर खायला घालून तुम्ही स्वतः पाच तास उपाशी, एखाद्या चहावर. ताई, तुमचा संकल्प दहाला मोडत नाही. दहाला तुमची भूक बोलते. इतका वेळ तो टिकतो याचं मला कौतुक वाटलं.

तेव्हा आनंदाचा पहिला उपाय म्हणून, हसू नका, सव्वासहाला दोन पोळ्या आणि जी भाजी डब्यात चालली आहे ती ताटलीत घ्या आणि खाली बसून खा. ओट्याशी उभं राहून, एका हातानं डब्याचं झाकण लावत खाल्लेलं मोजायचं नाही. सात मिनिटं लागतील. 'सात मिनिटं कुठून आणू?' असं तुम्ही म्हणणार, कारण सगळ्याच म्हणतात. त्याचं उत्तर पुढच्या मुद्द्यात आहे आणि तो मुद्दा घरच्यांना आवडणार नाही.

दृष्टिकोन बदलण्याचा सल्ला आपल्याकडे कुणाला जास्त मिळतो ते बघा. लग्नाच्या जाहिरातींत 'हसतमुख' वधूच हवी असते. घरातल्या बाईचा चेहरा हा घराचा फलक असल्यासारखा वागवला जातो, तो उतरला की 'काय झालं तुला?' असं विचारतात, आणि त्या विचारण्यात काळजी किती आणि तक्रार किती हे तिला बरोबर कळतं. कित्येकदा 'तू जरा पॉझिटिव्ह राहा' याचा खरा अर्थ 'भांडी तूच घास, पण कुरकुर नको' असा असतो. अशा ठिकाणी मन प्रसन्न करण्याचे व्यायाम करून घेणं म्हणजे गळक्या नळाखाली बादली बदलत राहणं. नळ दुरुस्त करायचा असतो. सोळा वर्षांचा मुलगा स्वतःचा डबा भरू शकतो, पाण्याची बाटली धुऊ शकतो. नवऱ्याला कुकर लावता येत असेल, नसेल तर एका रविवारात येईल. तुम्ही मागितलंत तर पहिल्या आठवड्यात थोडी धुसफूस होईल, डब्यात चमचा विसरेल, सासूबाई 'राहू दे गं, तो काय करतोय' म्हणतील. होऊ द्या. चमचा विसरल्यानं कुणी नापास होत नाही.

मला भेटायला येणाऱ्यांना मी कागदावर मधोमध रेघ मारायला लावते. डावीकडे जे बदलता येईल ते, उजवीकडे जे बदलणार नाही ते. दृष्टिकोनाचं काम फक्त उजव्या बाजूला. सासूबाईंचे गुडघे, लोकलची गर्दी, साहेबांचा स्वभाव, गेलेली वर्षं ही उजवीकडे. डबा, सकाळची कामं, रात्री अकरापर्यंत चालणारा टीव्ही ही डावीकडे. डावीकडच्या गोष्टी सोसून घेतल्यानं माणूस आनंदी होत नाही, नुसता गप्प होतो, आणि गप्प माणसाच्या चिडीला मग मुलाच्या मार्कांसारखी भलतीच वाट सापडते.

लक्ष कुठे टेकवायचं, हा दुसरा भाग राहिला. इथे एका जुन्या अभ्यासाचं सांगायलाच हवं, कारण तो सगळीकडे चुकीचा सांगितला जातो. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मोठी लॉटरी लागलेल्या २२ जणांना, अपघातात शरीराची हालचाल गेलेल्या २९ जणांना आणि शेजारपाजारच्या २२ जणांना प्रश्न विचारले गेले. व्याख्यानांत नेहमी सांगतात की लॉटरीवाले आणि अपघातग्रस्त शेवटी सारखेच आनंदी निघाले. तसं नाही. अपघातग्रस्त इतरांपेक्षा कमी आनंदी होते, फक्त लोकांना वाटेल तितके कमी नव्हते. दुःखाचा काही फरकच पडत नाही असं त्यातून सांगणं ही क्रूर थाप आहे. माझ्या मते त्या अभ्यासातली खरी गोष्ट वेगळीच आहे. लॉटरी लागलेल्यांना नाश्ता करणं, मित्राशी गप्पा, एखादा विनोद ऐकणं अशा रोजच्या बारक्या गोष्टींतून मिळणारं सुख शेजाऱ्यांपेक्षा कमी झालं होतं. मोठं काहीतरी डोळ्यांसमोर आलं की लहान दिसेनासं होतं. आपल्याला लॉटरी लागत नाही, पण दुसऱ्यांचे काश्मीरचे फोटो रोज दिसतात. बहुधा परिणाम तोच.

लहान दिसायला लागावं म्हणून कृतज्ञतेची वही सुचवतात. चांगली गोष्ट आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांच्या २००३ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांना दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानावेत अशा गोष्टी लिहायला सांगितलं होतं, आणि अडचणी लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांना बरं वाटलं. आठवड्यातून एकदा, हे लक्षात घ्या. नंतर सोन्या ल्युबोमिर्स्की यांनी एकदा लिहिणारे आणि तीनदा लिहिणारे यांची तुलना केली तेव्हा एकदावाल्यांनाच फायदा झाला. मी हे वाचण्याआधी स्वतः रोज लिहायचे. एकदा मागची पानं उलटली तर चाळीसेक दिवस तेच: 'घर, मुलं, तब्येत'. शाळेतल्या शिक्षेचं लिखाण बरं, त्यात निदान अक्षर तरी सुधारतं. आता मी शुक्रवारी रात्री लिहिते, एकच गोष्ट, पण इतकी नेमकी की ती दुसऱ्या कुठल्या आठवड्यात घडली नसती. मागच्या शुक्रवारची नोंद: 'भाजीवाल्यानं न मागता कढीपत्त्याबरोबर ओवा टाकला आणि म्हणाला, सर्दी दिसते.'

या वहीनं माझ्या हातून एक चूकही झाली आहे. व्यवसायाची सुरुवातीची वर्षं, वाचलेलं सगळं वापरून बघायची घाई. एक गृहस्थ आले, बायको जाऊन चार महिने झालेले. मी त्यांना रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी नवी वही आणि नवं पेन टेबलावर ठेवलं. म्हणाले, "तिचं नाव लिहिलं. पुढे काही सुचलं नाही." तो तास आम्ही कसाबसा पुरा केला. ते परत आले नाहीत, आणि त्यांनी का यावं? चार महिन्यांचं दुःख कुणी आवरून ठेवायला सांगितलं तर मीही उठून गेले असते. तेव्हापासून ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलंय, नोकरी गेलीय, आजाराचं निदान झालंय, त्याच्यासमोर मी आनंदाचा 'आ'सुद्धा काढत नाही. आधी ते दुःख ऐकायचं. कधी कधी बरेच महिने फक्त तेच.

आणि हसण्याबद्दल, कारण कुणीतरी तुम्हाला हास्यक्लब सुचवेलच. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईत, अंधेरीच्या एका बागेत पाच जणांना घेऊन हा प्रकार सुरू केला. सुरुवातीला रोज विनोद सांगायचे. पंधरवड्यात चांगले विनोद संपले, उरले ते चावट आणि कुणाच्या तरी वर्मावर बोट ठेवणारे, लोक नाराज झाले. मग विनोदाशिवाय हसायचं ठरलं आणि तेच जगभर पसरलं. आमच्या नानांनी निवृत्तीनंतर त्याची यथेच्छ टिंगल केली. 'वेड्यांचा बाजार' म्हणायचे. आई गेल्यावर वर्षभरानं स्वतःच जायला लागले. एकदा मी विचारलं, खोटं हसून बरं वाटतं का हो? तर म्हणाले, "हसण्याचं जाऊ दे गं. पण एखादा सकाळी आला नाही, तर दुपारी त्याच्या घरी फोन जातो." गुपित बहुधा तिथेच आहे: ठरलेली वेळ, तीच माणसं, आणि आपण नसलो तर कुणाच्या तरी लक्षात येणं. तुमच्या शनिवारच्या मैत्रिणी हा तोच क्लब आहे. घरात पाहुणे येणार म्हणून पहिला बळी त्याच शनिवारचा जात असेल, तर तो देऊ नका.

लोकलमधल्या ४५-५० मिनिटांचंही बघा. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं, आत्ता काय करताय, लक्ष त्यातच आहे का, कसं वाटतंय? जवळजवळ ४७ टक्के वेळा लक्ष दुसरीकडेच होतं, आणि लक्ष भटकलेलं असताना लोकांना साधारणपणे कमी बरं वाटत होतं, हातातलं काम कंटाळवाणं असलं तरीही. पण म्हणून मी गाडीत ध्यान करा असं सांगणार नाही. ठाण्याला चढणाऱ्या बायकांच्या पर्सचे कोपरे बरगड्यांत घुसत असताना ध्यान लावणारीला मी कोपरापासून नमस्कार करीन. डब्यातल्या कुणाशी तरी बोला, एवढंच. दसऱ्याच्या आधी डबा सजवणारा एखादा ग्रुप तुमच्या गाडीत असेलच. भिशी, भाजी निवडणं, कुणाची मुलगी बघायला येणार, जे चाललंय त्यात कान घाला. ऑफिसचे मेल गाडीत उघडू नका. पाच स्टेशनं आधी वाचल्यानं साहेब पाच स्टेशनं आधी शांत होत नाहीत.

तर तीन आठवड्यांसाठी एवढंच करा. सकाळचा संकल्प बंद. सव्वासहाला बसून खाणं चालू. डब्याचं काम मुलाकडे. आणि तीन रकान्यांची वही, रोज चार-पाच ओळी, रात्री झोपताना. चिडलात तर वहीत 'चिडले' लिहा, किती वाजता आणि शेवटचं कधी खाल्लं होतं तेही लिहा. तीन आठवड्यांनी अंदाज आणि गुण यांत जिथे जास्तीत जास्त तफावत दिसेल त्या दोन-तीन ओळींखाली रेघ मारा. तुमच्या आठवड्यात कशाला जागा वाढवायची आणि कशाची कापायची ते त्या ओळी सांगतील, माझ्यापेक्षा नेमकं सांगतील.

वहीसाठी दुकानात जाऊ नका. मुलाची नववीची एखादी अर्धी कोरी वही घरात पडलेली असेल, ती चालेल. आणि पहिल्या पानावर सुविचार लिहू नका.